माल एकच, उत्तरं दोन!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चौघे ट्रेनिंगसाठी शहादा तालुक्यातल्या एका साइटवर होतो. शाळेच्या इमारतीचं काम होतं. स्लॅबच्या दिवशी मिक्सरच्या एकाच फेरीतल्या मालातून सहा क्यूब भरले. भरणारे आम्हीच. त्यातले तीन ठेकेदाराच्या नेहमीच्या लॅबला गेले आणि तीन दुसऱ्या लॅबला. काँक्रीट एम-२० चं. अठ्ठावीस दिवसांनी दोन्हीकडून रिपोर्ट आले. एकीकडे सरासरी २६ च्या आसपास, दुसरीकडे २१.

साइटवरच्या मुकादमाला आम्ही हे सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "भाऊ, माल एकच शे, मंग भाव दोन कसा?"

तेव्हा आम्ही हसलो. पण पुढचे पंधरा दिवस हसण्यासारखे नव्हते. बिल अडकलं. बिल अडकलं म्हणून धडगावकडून आलेल्या मजुरांचे बाजाराचे पैसे अडकले. ठेकेदार म्हणे दुसरी लॅब चुकली, साहेब म्हणे पहिली लॅब त्याच्या ओळखीची. शेवटी कोणीतरी रिबाउंड हॅमर आणला, पाच-पंचवीस ठिकाणी ठोकून आकडे लिहिले आणि फाइल पुढे सरकली. स्लॅब जिथे होता तिथेच आहे. जूनपासून त्याच्याखाली मुलं बसतात. तो स्लॅब २६ चा की २१ चा, हे मात्र आजही कोणाला माहीत नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय. गॅदरिंगच्या अंकात कविता-चारोळ्या भरपूर असतात, म्हणून म्हटलं आपण जरा क्यूबवर लिहावं. सिव्हिलच्या बाहेरच्या मित्रांनी पान उलटू नये ही विनंती. तुम्हीही याच हॉस्टेलच्या स्लॅबखाली झोपता!

२१ म्हणजे पास की नापास?

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळ जणांना (आणि साइटवरच्या बऱ्याच सुपरवायझरनाही) वाटतं की एम-२० म्हणजे २० मिळाले की पास. एटीकेटीच्या हिशेबाने आपल्याला तसं वाटणं साहजिक आहे. पण आयएस ४५६ : २००० तसं म्हणत नाही. २० हा 'वैशिष्ट्यपूर्ण' आकडा. शंभर निकालांतले पाचापेक्षा जास्त त्याच्या खाली जाऊ नयेत, असा त्याचा अर्थ. म्हणून मिक्स डिझाइन करताना आपण २० वर १.६५ गुणिले ४, म्हणजे ६.६ चढवतो आणि २६.६ चं लक्ष्य धरतो. साइटवर सलग चार निकालांची सरासरी २३-२४ च्या घरात तरी यायलाच हवी. थोडक्यात काय, तर २६ म्हणजे काम ठीक चाललंय आणि २१ म्हणजे एकटा निकाल तरला तरी घंटा वाजलीय. दोन लॅबमधला पाचाचा फरक म्हणजे नुसता कागदावरचा फरक नाही. एक लॅब म्हणते 'पुढचा स्लॅब भरा', दुसरी म्हणते 'थांबा, काहीतरी बिघडलंय'.

आता कोणी म्हणेल, थोडाफार फरक तर येणारच. बरोबर आहे, येणारच. प्रश्न आहे तो किती. काँक्रीट म्हणजे लोखंडाची सळई नाही. खडी, वाळू, सिमेंट, पाणी यांचा हा ओला संसार. म्हणून तर आपण तीन क्यूबची सरासरी घेतो आणि सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त कोणी लांब गेला तर तो नमुनाच बाद धरतो. पण १५ टक्क्यांचा हा नियम एका लॅबमधल्या तीन क्यूबसाठी आहे. दोन लॅबमध्ये किती फरक चालेल, यावर आपल्याकडे साइटवर कोणी बोलतच नाही.

अमेरिकेत मात्र यावर बऱ्याच वर्षांपासून मोजमाप झालेलं आहे. तिथे १९२९ पासून सिमेंट आणि काँक्रीटच्या लॅब तपासणारी एक संदर्भ प्रयोगशाळाच आहे. एकाच मालाचे नमुने अनेक लॅबना पाठवायचे आणि उत्तरं ताडून पाहायची, हे तिच्या कामांपैकी एक. एएसटीएमच्या सी-३९ या मानकात सिलिंडरसाठी आकडे दिलेत. एकाच माणसाने एकाच लॅबमध्ये चाचणी केली तर फरकाचा गुणांक साधारण २.४ टक्के, आणि वेगवेगळ्या लॅब धरल्या तर ५ टक्के. याचा सरळ अर्थ असा की नीट काम करणाऱ्या दोन लॅबच्या निकालांत सरासरीच्या १४ टक्क्यांहून जास्त फरक पडू नये. आमच्या साइटवर २६ आणि २१. सरासरी २३.५, फरक ५. म्हणजे २१ टक्के! सिलिंडर आणि क्यूब यांत थोडं इकडे-तिकडे धरलं तरी हे 'चालायचंच' या सदरात बसत नाही.

मग चोर कोण?

असा फरक आला की आपल्याकडे पहिला शब्द तोंडात येतो तो 'सेटिंग'. कोणीतरी पैसे खाल्ले असणार! असं होतच नाही असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण दर वेळी तेच कारण असेल तर काम सोपं झालं असतं. माझं मत असं आहे की निम्म्याहून जास्त गडबड चोरीची नाही, सवयीची आहे. आणि सवयीची चूक जास्त धोकादायक, कारण ती करणाऱ्याला आपण चुकतोय हेच माहीत नसतं. आपल्या लॅबमध्ये एक चक्कर मारून बघू या.

पहिली गोष्ट, भरणं. आयएस ५१६ सांगतं की हाताने ठोकायचं असेल तर साधारण ५ सें.मी.चे थर करा आणि १५ सें.मी.च्या क्यूबला प्रत्येक थराला ३५ ठोके द्या. तीन थर, म्हणजे १०५ ठोके. खरं सांगा, प्रॅक्टिकलला १०५ ठोके मोजून कोणी दिलेत? आम्ही साइटवर पहिले दोन क्यूब मनापासून ठोकले, पुढचे चार उन्हाने ठोकले. काँक्रीटमध्ये नुसत्या २ टक्के पोकळ्या राहिल्या तरी ताकद १० टक्क्यांहून जास्त उतरते, ५ टक्के राहिल्या तर ३० टक्क्यांपर्यंत. तेव्हा दोष लॅबचा की आमच्या हाताचा, हा प्रश्न तिथेच सुरू होतो.

दुसरी गोष्ट, पाणी. क्यूब २७ अंशांच्या पाण्यात ठेवायचे, दोन अंश इकडे-तिकडे चालतात. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो आणि साइटवरची टाकी पत्र्याखाली. त्यात एकदा थर्मामीटर बुडवून बघा. सुरुवातीला गरम राहिलेलं काँक्रीट सात दिवसांना चांगलं दिसतं आणि अठ्ठावीस दिवसांना दगा देतं. म्हणजे टाकी सावलीत असलेली लॅब आणि उन्हात असलेली लॅब, दोघी प्रामाणिक असूनही वेगळं सांगणार.

तिसरी, वाहतूक. तोरणमाळ-धडगावच्या घाटातून जीपच्या टपावर कोरडे होत आलेले क्यूब मी पाहिलेत. कोड म्हणतो ओल्या वाळूत किंवा ओल्या पोत्यात गुंडाळून आणा, चाचणीच्या किमान २४ तास आधी लॅबमध्ये पोचवा आणि पाण्यातून काढल्या काढल्या ओले असतानाच फोडा. सुकलेला क्यूब ओल्यापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत जास्त ताकद दाखवू शकतो. ज्या लॅबमध्ये क्यूब सकाळी बाहेर काढून ठेवतात आणि साहेब आल्यावर दुपारी फोडतात, तिथले निकाल आपोआप 'चांगले'.

चौथी, माप. साचा जुना झाला की त्याच्या भिंती आत-बाहेर होतात. समजा क्यूबची बाजू १५० ऐवजी १४८ मि.मी. भरली. क्षेत्रफळ २२,५०० ऐवजी २१,९०४ चौ.मि.मी. झालं. पण आपण डोळे झाकून २२,५०० नेच भागतो. अडीच टक्क्यांहून जास्त फरक तर इथेच पडला. स्टीलची पट्टी लावायला किती वेळ लागतो?

पाचवी, मशीन. सगळे जण कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट विचारतात आणि ते विचारायलाच हवं. पण डायल बरोबर आहे म्हणजे मशीन बरोबर आहे असं नाही. वरच्या प्लेटची बॉल सीटिंग जाम झाली असेल, प्लेट झिजून खोलगट झाली असेल किंवा क्यूब मधोमध ठेवला नसेल, तर डायल अचूक असूनही क्यूब एका अंगाने फुटतो आणि कमी उत्तर देतो. ब्रिटिश मानकात तर यासाठी स्ट्रेन सिलिंडर लावून भार सगळीकडे सारखा जातो की नाही हे तपासायची पद्धतच आहे. आपल्याकडे सोपा उपाय आहे, फुटलेला क्यूब बघा! नीट फुटलेला क्यूब डमरूसारखा दिसतो, चारही बाजू सारख्या गळतात. एकच बाजू उडाली असेल तर मशीनची तक्रार समजा. पण आपण काय करतो? आकडा लिहितो आणि क्यूब ढिगावर फेकतो.

आणि सहावी, माझी आवडती, वेग. आयएस ५१६ मध्ये भार चढवायचा वेग दिलाय, मिनिटाला प्रत्येक चौ.सें.मी.ला १४० किलो. आपल्या १५ सें.मी.च्या क्यूबला मिनिटाला साधारण ३१५ किलोन्यूटन. २६ ताकदीचा क्यूब ५८५ किलोन्यूटनला फुटतो. भागाकार करा, जवळपास १ मिनिट ५० सेकंद लागले पाहिजेत. आता पुढच्या प्रॅक्टिकलला मोबाइलमधलं घड्याळ लावा. पंप भराभर मारून पाऊण मिनिटात 'धडाम' झालं तर उत्तर फुगलेलं आहे हे समजा. वेग जास्त तर ताकद जास्त दिसते. परत रांगेत उभ्या असलेल्या मुलांना आवाजाची घाई असतेच!

या सहा गोष्टींतली प्रत्येक काही ना काही टक्क्यांची. एका लॅबमध्ये दोन चुका वरच्या दिशेने आणि दुसऱ्या लॅबमध्ये दोन खालच्या दिशेने झाल्या, की झाला २१ टक्क्यांचा फरक. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी खोटं बोललं नाही. तरी शाळेचा स्लॅब कसा आहे हे कळलं नाही ते नाहीच.

दुसरं टोक : फार जुळणारे आकडे

इथे कोणी म्हणेल, मग सगळ्या लॅबची उत्तरं एकसारखी आली की प्रश्न मिटला. नाही मित्रांनो! मला दोन वेगळ्या उत्तरांपेक्षाही जास्त भीती वाटते ती २६.२, २६.३, २६.२ अशा रिपोर्टची. तीन क्यूब, तिघांची उंची-वजन-नशीब सगळं सारखं? एकदा असं होऊ शकतं. वर्षभर प्रत्येक रिपोर्टमध्ये होऊ शकत नाही. काँक्रीट थोडं विखुरणारच, तो त्याचा स्वभाव आहे. ज्या रिपोर्टमध्ये तो स्वभाव दिसत नाही, तिथे क्यूब फुटला की नुसता टाइप झाला, हे विचारावं लागतं.

आणि ही कला कुठे शिकवली जाते? क्षमा करा, पण आपल्याकडेच. जर्नल आठवा. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या व्हरांड्यात काय चालतं? सिनियरची फाइल मध्ये, भोवती पाच जण, आणि 'रीडिंग काय रे?' आधी उत्तर ठरतं, मग त्यावरून उलटं गणित करून भार काढायचा. मीही केलंय. सेकंड इयरला माझ्या बॅचचे तीन क्यूब १९, २४ आणि १७ ला फुटले होते. ते १५ टक्क्यांच्या नियमात बसत नव्हते, म्हणजे नमुना बाद लिहायला हवा होता आणि का बाद झाला ते शोधायला हवं होतं. मी मात्र २३, २४, २२ लिहिले, सही मिळाली, दहापैकी आठ मार्क पडले. खरे आकडे लिहिणाऱ्या मित्राला सहा पडले, कारण 'रिझल्ट चुकला'.

हाच मी दोन वर्षांनी कुठल्यातरी लॅबमध्ये किंवा साइटवर सही करणार. तेव्हा माझा हात अचानक सरळ चालेल, अशी अपेक्षा कोणी का करावी?

सरांना माझी नम्र विनंती आहे. खऱ्या रीडिंगला मार्क द्या, मग ते कितीही वेडंवाकडं असो. वेडं का आलं याचं कारण लिहिणाऱ्याला दोन मार्क जास्त द्या. जर्नल सुधारण्यासाठी नवीन मशीन लागत नाही.

शेतकऱ्याला कळतं ते

आपल्यातले निम्मे उसाच्या किंवा मिरचीच्या घरातले. घरी विचारा, साखर कारखान्याच्या काट्यावर वजन कमी भरतंय अशी शंका आली की शेतकरी काय करतो? ट्रॉली आधी बाहेरच्या वजनकाट्यावर घालतो, पावती घेतो आणि मग कारखान्याच्या काट्यावर नेतो. दोन पावत्या ताडून बघतो. कोणाला चोर म्हणायच्या आधी त्याने एकच माल दोन काट्यांवर घातला. वजनकाटे तपासायला सरकारचं वैधमापन खातंही आहे.

शास्त्रीय भाषेत यालाच आंतरप्रयोगशाळा तुलना म्हणतात. आपण इंजिनिअर होणार, पण उसाच्या ट्रॉलीइतकी खबरदारी आपण स्लॅबची घेत नाही.

एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबना अशा तुलनेत, म्हणजे प्रोफिशिअन्सी टेस्टिंगमध्ये, भाग घ्यावाच लागतो. पण मान्यता नसलेल्या लॅबना तशी सक्ती नाही. आणि गावोगावच्या कामांचे क्यूब सगळेच मान्यतेच्या लॅबमध्ये जात नाहीत. भाडं परवडत नाही, अंतर परवडत नाही. अक्कलकुव्यातल्या मोलगीच्या एखाद्या कामाचे क्यूब नाशिकपर्यंत कोण नेणार? ते जवळच्याच लॅबला येणार, बरेचदा एखाद्या कॉलेजच्या लॅबला. म्हणजे आपल्यासारख्यांकडेच!

शंका आली तर गाभा काढून बघता येतो, हे मान्य. कोडप्रमाणे गाभ्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही गाभा ७५ टक्क्यांखाली नको. पण त्यासाठी तयार स्लॅबला भोकं पाडायची, मशीन बाहेरून आणायचं, पैसे कोणी द्यायचे यावर महिना वाद. म्हणून सगळे रिबाउंड हॅमरकडे वळतात. गंमत बघा, आयएस १३३११ चा दुसरा भाग स्वतःच सांगायचा की या हातोड्यावरून काढलेल्या ताकदीची अचूकता अधिक-उणे २५ टक्के. म्हणजे २१ टक्क्यांचं भांडण मिटवायला आपण २५ टक्के चुकणारा पंच बसवला!

मग करायचं काय?

नुसती टीका करून थांबणं बरं नाही, म्हणून एक प्रस्ताव मांडतो. नंदुरबार-धुळे-जळगाव पट्ट्यातली कॉलेजं, पॉलिटेक्निक आणि तयार असतील त्या खासगी लॅब, अशा पाच-सहा जणांनी वर्षातून दोनदा एक फेरी करायची. एकदा मे महिन्यात, एकदा डिसेंबरात, म्हणजे उन्हाचाही हिशेब लागेल.

एकाच ठिकाणी, एकाच मिक्सरमधून, एकाच टीमने सगळे क्यूब भरायचे. पाच लॅब असतील तर पंधरा, वर तीन राखीव. पहिल्याच दिवशी सगळ्यांचं वजन करून लिहायचं. १५ सें.मी.चा क्यूब साधारण सव्वाआठ-साडेआठ किलोचा भरतो. एखादा बराच हलका असेल तर तो पोकळ आहे, तो बाजूला. मग चिठ्ठ्या टाकून क्यूब वाटायचे, म्हणजे चांगले-चांगले स्वतःकडे ठेवले असं कोणी म्हणणार नाही. ओल्या पोत्यात गुंडाळून पोचवायचे आणि सगळीकडे एकाच दिवशी फोडायचे. फोडताना नुसता भार नको. प्रत्यक्ष माप, वजन, पाण्याचं तापमान, लागलेले सेकंद आणि फुटलेल्या क्यूबचा फोटो. निकाल बंद पाकिटात.

पुढचं गणित फार अवघड नाही. समजा पाच लॅबचे निकाल आले २५.८, २६.४, २६.९, २५.५ आणि २१.४. साधी सरासरी २५.२ येते, पण एकट्या २१.४ ने ती खाली ओढली. म्हणून मधला आकडा घ्या, २५.८. पाच लॅबवरून फरकाचं माप काढणं कच्चं, म्हणून ते वर सांगितलेलं ५ टक्के उसनं घ्या, म्हणजे १.२९. आता २१.४ वाली लॅब मधल्या आकड्यापासून ४.४ ने लांब. ४.४ भागिले १.२९, उत्तर ३.४. यालाच झेड स्कोअर म्हणतात. दोनच्या आत असाल तर ठीक, दोन ते तीन असाल तर लक्ष द्या, तीन किंवा वर गेलात तर मशीन उघडा! ज्यांना एम-३ मधलं स्टॅटिस्टिक्स कुठे वापरतात असा प्रश्न पडायचा, त्यांना उत्तर मिळालं.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत, कारण रूमवर मांडून बघितलेत. पहिला, लॅबची बदनामी होईल. नाही होणार. लॅबना नावाऐवजी क्रमांक द्यायचे, आपला क्रमांक ज्याचा त्याला ठाऊक. वर्गात मार्क लावताना रोल नंबर लावतात तसं. दुसरा, खर्च. अठरा क्यूबचं काँक्रीट म्हणजे सगळं मिळून साठ लिटरच्या आसपास. गॅदरिंगच्या मांडवातल्या एका कमानीत हा खर्च निघेल. तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. आमचे लॅब असिस्टंट, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते म्हणाले, "बाळा, माझी वीस वर्षं या मशीनवर गेली. कान लावला तरी मला क्यूब कळतो. आता मला परीक्षा देऊ?"

मामांचा मान ठेवूनच सांगतो. त्यांचा कान खरा आहे, मी पाहिलंय. पण कान रिपोर्टला जोडता येत नाही. आणि परीक्षा मामांची नाहीच, मशीनची, टाकीची, साच्याची आणि सगळ्यात आधी आमची, क्यूब भरणाऱ्यांची आहे. हे सांगितल्यावर मामा काही बोलले नाहीत. पण परवा लॅबमध्ये गेलो तर टाकीत थर्मामीटर लटकत होता. विचारलं तर म्हणाले, "३३ आहे. वरती पोतं टाकायला पाहिजे."

बघा, फेरी सुरू व्हायच्या आधीच एक लॅब सुधारली!

काँक्रीटच्या ताकदीबद्दल बोलताना आपण पानशेत, किल्लारी असे मोठे शब्द वापरतो. तितकं लांब जायला नको. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये दहा वर्षंही न झालेली पाच मजली इमारत पत्त्यासारखी बसली, १६ जण गेले. या सगळ्याचं खापर क्यूबच्या रिपोर्टवर फोडायचा माझा हेतू नाही. अशा घटनांना अनेक कारणं असतात. पण इमारत उभी राहताना तिच्याबद्दल खरं बोलण्याची संधी फार थोड्या जणांना मिळते. क्यूब त्यातला एक. तो एकदाच बोलतो आणि फुटतो. त्याचं बोलणं नीट ऐकणं हे आपलं काम.

त्या शाळेच्या स्लॅबकडे मी दिवाळीत परत जाऊन आलो. भिंतींना पिवळा रंग दिलाय, दारावर तोरण होतं. मुकादम भेटला नाही, दुसऱ्या साइटवर गेला होता. त्याचा प्रश्न मात्र अजून माझ्याकडेच आहे. माल एकच, मग उत्तरं दोन कशी? सिव्हिलच्या चार वर्षांत इतका साधा आणि इतका अवघड प्रश्न मला कोणत्याही ओरलला विचारला गेला नाही.

तेव्हा मित्रांनो, पहिली फेरी आपल्या कॉलेजने बोलवावी असं मला वाटतं. क्यूब भरायला माझ्यासह सहा जण तयार आहेत, नावं सरांकडे दिली आहेत. आणखी चार लागतील. अट एकच, १०५ ठोके मोजायचे.

— अंतिम वर्ष, स्थापत्य (वसतिगृह)